रुमाल दोनशे चौदा

"आज कुठवर आलं यंत्र?" बाबांनी विचारलं.

"दोनशे तेरा," मी चपला काढत म्हटलं. "बंदच आहे अजून."

"अजून?"

"पार्ट यायचाय."

"कुठून येतो तो?"

"बंगळुरूहून."

"लांब आहे," बाबा म्हणाले आणि भडंगाची वाटी माझ्याकडे सरकवली. त्यातले शेंगदाणे त्यांनी माझ्यासाठी एका बाजूला काढून ठेवले होते. ऐंशीव्या वर्षी त्यांना ते चावत नव्हते.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. संध्याकाळचे सहा वाजले होते. समोरच्या तंबोऱ्याच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं. मिरजेत आमच्या गल्लीत हा आवाज असतोच, तो बंद झाला तरच लक्षात येतो. मी चहा टाकला. बाबांनी पेपरातल्या एका बातमीबद्दल काही सांगितलं. बहुतेक पाणीपुरवठ्याबद्दल होतं, मी नीट ऐकलं नाही. मग त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून दोन ओळी लिहिल्या. ते रोजच लिहायचे. मी कधी काय लिहिता म्हणून विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अंघोळ करून ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसायला घेतला. मी डबा भरून बाहेर आले तेव्हा चष्मा मांडीवर होता, कापड हातात होतं आणि बाबा नव्हते.

यंत्र बंद नव्हतं. ते एक दिवसही बंद पडलं नव्हतं. त्या मंगळवारी ते तीनशे अकराव्या रुमालावर होतं. दोनशे चौदावा रुमाल त्यानं तीन ऑगस्टलाच वाचून संपवला होता.

*

मी जिथे काम करते त्या दक्षिण दप्तर न्यासात नऊशे रुमाल आहेत. रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. कागद मोडी लिपीतले, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे: जमिनींचे वाद, इनामं, वाटण्या, गावसभेचे निवाडे. बाबा तिथे चौतीस वर्षं मोडीवाचक होते. वाचक क्रमांक सात. ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी लागले.

पूर्वी एक रुमाल वाचायला दोन माणसांना तीन-चार महिने लागत. आता दप्तरवाचक नावाचं यंत्र दिवसाला एक-दीड वाचतं. त्याला रुमाल सोडावा लागत नाही. गाठोडं तसंच एका पेटीत ठेवायचं. यंत्रातले किरण कापडातून आणि कागदातून आरपार जातात, पण दोन कागदांच्या मधल्या हवेच्या पातळ थराशी त्यांचा वेग किंचित बदलतो. त्यावरून यंत्र एकेक कागद मनातल्या मनात वेगळा करतं. जुनी शाई काजळीची, आणि काजळी हे किरण शोषून घेते, त्यामुळे अक्षरं सावलीसारखी उमटतात. ती अक्षरं वाचायला यंत्राला शिकवलं माणसांनी. सगळ्यात जास्त शिकवलं बाबांनी, म्हणजे त्यांनी केलेल्या हजारो कागदांच्या नकलांनी. कागद फाटलेला असला की बाबा समासात 'इथे कागद गप्प' असं लिहीत. यंत्रही तसंच लिहितं. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही वाचक लोक यंत्राला 'कसर' म्हणतो. कागद खाणारी कीड तीच कसर. ही पण प्रत्येक पानातून जाते.

राज्यभरातल्या साठ-सत्तर दप्तरांत अशी यंत्रं बसली आणि चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की या सगळ्या वाचनातून एक गोष्ट सहज काढता येते: कुठलं आडनाव पहिल्यांदा कुठे, कधी आणि का लिहिलं गेलं. त्यातून उगमपत्रं सुरू झाली. अर्ज करा, आपल्या आडनावाची पहिली नोंद मिळवा. पहिल्या वर्षी लोकांनी ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. दुसऱ्या वर्षी लग्नाच्या स्थळांत 'उगमपत्र पाहून' असं येऊ लागलं. गावाच्या नावावरून आडनाव मिरवणाऱ्यांना कळलं की पूर्वज त्या गावाहून आले नव्हते, त्यांना तिथून हाकललं होतं. पराक्रमाचं म्हणून सांगितलेलं एक आडनाव एका बैलाचं निघालं. एका घराण्यात दोन भावांनी बोलणं टाकलं. एका शाळेनं हजेरी फक्त पहिल्या नावानं घ्यायला सुरुवात केली, तेवढीच काय ती चांगली बातमी.

भांडणं वाढली तसा नियम आला. पहिली नोंद वादाची असेल तर दोन माणसांनी मूळ कागद हातात घेऊन मेळ घालायचा. एकानं कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं यंत्राच्या नकलेवर बोट ठेवून ताडायचं, मग दोघांच्या सह्या. मेळ ही दप्तरातली जुनीच रीत. मोठ्यानंच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "डोळा नको असलेली ओळ ओलांडून जातो. जिभेला ते जमत नाही."

मेळासाठी नव्वद दिवसांची मुदत असते. तोवर कागद माझ्या खात्यात 'मेळ बाकी' म्हणून राहतो. नंतर तो आपोआप वरिष्ठांकडे जातो.

*

आमचं आडनाव हातपोळे.

शाळेत पोरं म्हणायची, "हातपोळे, तवा उतर." डब्यातली पोळी काढली तरी हसायची. अकरा वर्षांची असताना मी घरी येऊन जाहीर केलं की मला आडनाव बदलायचंय, आईचं माहेरचं लावायचंय. आई म्हणाली, "लाव की." बाबांनी कपाटातून हातपोळे कुलवृत्तान्त काढला आणि त्यातली गोष्ट मला वाचून दाखवली.

अडीचशे वर्षांपूर्वी आमचा मूळपुरुष संताजी याचा थोरला भाऊ वारला. गावातले लोक भावाच्या विधवेचा हक्क नाकारू लागले. संताजी तिच्या बाजूनं उभा राहिला. गावसभेनं दिव्य करायला सांगितलं: उकळत्या तेलात हात घालून तळाचा लोखंडी तुकडा काढायचा. संताजीनं काढला. हात पोळला, पण त्यानं तुकडा टाकला नाही. तेव्हापासून आम्ही हातपोळे. आमच्या लग्नात नवरानवरी एकमेकांचा हात धरण्याआधी उजवा तळवा दिव्याच्या ज्योतीवरून फिरवतात. आणि आजोबांच्या गावी अजून म्हणतात, हातपोळ्यांना शपथ घालू नका, ते बोलले ते झालं.

मी ती गोष्ट शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितली. हात पुढे करून, तळवा उघडून. पहिला नंबर आला. तवा उतर म्हणणं बंद झालं. बाबा शेवटच्या रांगेत बसले होते आणि मी बक्षीस घ्यायला गेले तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते असं कधी करायचे नाहीत.

तीन ऑगस्टला कसरीनं माझ्यापुढे जो कागद ठेवला तो शके सोळाशे सत्त्याऐंशीचा महजर होता, म्हणजे गावसभेचा निवाडा. भाऊ वारला, हे खरं होतं. विधवेचा हक्क नाकारणारा मात्र संताजीच होता. तिचं मूल भावाचं नाही, असं त्यानं सभेपुढे शपथेवर सांगितलं होतं. ते सिद्ध करायला त्यानं तेलात हात घातला. मग हातावर पिशवी बांधून मोहर केली. शेवटी लिहिलं होतं: 'तिसरे दिवशी पिशवी फोडून पाहिली. हात पोळला. दो बोटांस फोड आले. संताजी खोटा जाला. सगुणाबाई खरी जाली.'

कुलवृत्तान्तात त्या बाईला नावसुद्धा नव्हतं.

कागदाखाली कसरीची आणखी एक टीप होती, आणि ती मी जास्त वेळ वाचत बसले. खरी कसर, म्हणजे कीड, कागद खाते तेव्हा एकाखाली एक असलेल्या पानांतून सुईसारखी सरळ जाते. म्हणून वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या कागदांची भोकं एकमेकांशी जुळतात. यंत्र ही भोकं जुळवून मूळ क्रम ठरवतं. या कागदाची जुनी भोकं दोनशे चौदामधल्या शेजाऱ्यांशी जुळत नव्हती. ती एकसष्टाव्या रुमालातल्या कागदांशी जुळत होती. फक्त अगदी अलीकडची चार भोकं दोनशे चौदाशी जुळत होती. अर्थ सरळ होता. कागद एकसष्टमधून काढून दोनशे चौदामध्ये ठेवला गेला होता, साधारण पस्तीस वर्षांपूर्वी. दोनशे चौदा म्हणजे सनगं, म्हणजे कापडचोपड, आणि दाणावैरण यांच्या याद्या, त्या कुणी उघडत नाही. दप्तरात कागद चुकीच्या रुमालात गेला की तो गेलाच म्हणायचा.

कोपऱ्यातल्या नव्या पेन्सिल-क्रमांकापुढे यंत्रानं लिहिलं होतं: हस्ताक्षर, वाचक क्रमांक सात.

पस्तीस वर्षांपूर्वी मी तेरा वर्षांची होते. बक्षिसाचा पेला कपाटावर होता.

*

त्या संध्याकाळी घरी गेले आणि बाबांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज कुठवर आलं यंत्र?" निवृत्त झाल्यापासून दप्तराचा त्यांना तेवढाच आधार होता. मी म्हटलं, "दोनशे तेरा. बंद पडलंय."

एकदा बंद पाडल्यावर ते मला चालू करता येईना. मग पार्ट आला. मग चुकीचा आला. मग एसीवाला आला नाही. गणपतीत सुट्टी होती. बाबा प्रत्येक वेळी मान हलवायचे. "यंत्राचं असंच," म्हणायचे. मी स्वतःला सांगत होते की हे त्यांच्यासाठी आहे. या वयात, सगळी हयात एकाही कागदाचा कोपरा दुमडू न देणाऱ्या माणसाला, त्यानं एकदा काय केलं ते कशाला ऐकवायचं? पण खरं सांगायचं तर मी थकले होते. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, माझं लग्न मोडून त्याहून जास्त. त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि एका कठीण संभाषणाला लागणारी ताकद माझ्याकडे कुठल्याच संध्याकाळी शिल्लक नसायची. उद्या, असं मी अडुसष्ट दिवस म्हटलं.

*

पाचव्या दिवशी कपाट आवरताना डायरी हाती लागली. दूधवाला आला नाही, गुडघा बरा, तय्यबा भेटली, असल्या नोंदी. मी चाळत ऑगस्टपर्यंत आले.

'४ ऑगस्ट, शनिवार. पत्रकात: २१५. केतकी म्हणाली २१३, बंद पडले आहे.'

'११ ऑगस्ट, शनिवार. पत्रकात: २२४. केतकी: २१३. पार्ट यायचा आहे.'

'२५ ऑगस्ट. २४६. केतकी: २१३. पार्ट चुकीचा आला.'

पुढे प्रत्येक शनिवारी असे दोन आकडे होते, दप्तराच्या आठवडी पत्रकातला आणि माझा, शेजारी शेजारी, त्यांच्या सरळ अक्षरात. कुठे रेघ मारलेली नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही. शेवटच्या मंगळवारी एवढंच होतं: 'केतकी: २१३. पार्ट बंगळुरूहून. आज फार दमलेली दिसली. विचारणे बंद करावे काय?'

मी डायरी मिटली. मग उरलेलं कपाट आवरलं. दुसरं काय करणार?

*

चौदाव्या दिवशी निशिकांत आला. माझा चुलतभाऊ, इचलकरंजीत सुताचा व्यापार, मुलीचं लग्न ठरलेलं, आणि हातपोळे कुलमंडळाचा अध्यक्ष. तेराव्यालाही तो आला होता, पण तेव्हा लोक होते. आज एकटा आला, सोफ्यावर बसला, पंखा वाढवला.

"ताई, एक विचारतो, राग मानू नकोस. आपल्या उगमपत्राचं अडलंय कुठं? अर्ज टाकून वर्ष झालं. आमच्या मनस्वीच्या होणाऱ्या सासरचे रोज विचारतायत."

"मेळ बाकी आहे."

"कसला मेळ? गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे."

मी त्याला नक्कल वाचायला दिली. त्यानं ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते.

"हे आपलंच का नक्की? दुसरे हातपोळे असतील."

"दुसरे नाहीत."

"अरे देवा." त्यानं कपाळ पुसलं. "म्हणजे आपण दरवर्षी ज्याच्या फोटोला हार घालतो..."

"फोटो तुम्ही चित्रकाराकडून काढून घेतलात. पाच हजारांत."

"तू हसू नकोस ताई. पत्रिका छापल्यात. पत्रिकेवर दिवा आणि तळवा आहे, सोनेरी."

"मी हसत नाहीये."

त्यानं उठून पंखा कमी केला. मग हळूच म्हणाला, "असं ऐकलंय की दोन वाचकांनी 'वाचन संदिग्ध' लिहिलं तर कागद बाजूला पडतो. पाच वर्षं तरी."

"खरं आहे."

"मग? अडीचशे वर्षांपूर्वीचा म्हातारा. तो खरा होता का खोटा, आता कुणाचं काय अडलंय?"

"कुणाचं अडलं नसेल तर लपवायचं कशाला?"

"माझं अडलंय ना!" तो ओरडला आणि लगेच ओशाळला. भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्यालाही हार होता. "आणि काकांचं. तू दिलेल्यात खाली टीप आहे, ती पण वाचली मी. वाचक क्रमांक सात म्हणजे काकाच ना? ताई, ज्या माणसाला सगळं दप्तर 'हातपोळे सर' म्हणून उठून उभं राहतं, त्याचं नाव तू त्या रकान्यात लिहिणार? गेल्यावर चौदाव्या दिवशी?"

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो संपवला. जाताना दारात म्हणाला, "तू ठरव. पण विचार कर, त्यांनी लपवलं ते तुझ्यासाठीच असणार. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी काय नियम मोडला होता कधी?"

मुदतीचा ब्याऐंशीवा दिवस होता.

*

दुसऱ्या दिवशी दप्तरात तय्यबा अत्तारनं माझ्या टेबलावर डबा उघडून ठेवला. आम्ही वीस वर्षं शेजारी बसतो. ती बाबांच्या हाताखाली मोडी शिकली.

"खा आधी. तोंड बघ कसं झालंय."

मी खाल्लं. मग विचारलं, "बाबांना पत्रक कोण देत होतं?"

तिचा हात डब्यावर थांबला. "मी. दर शनिवारी दर्ग्याकडे जाताना देऊन जायची. यंत्र बसल्यापासून. तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, तिच्याकडून ऐकण्याची मजा वेगळी." ती माझ्याकडे बघत राहिली. "का गं?"

मी तिच्यापुढे कागदाची नक्कल ठेवली, टिपेसकट. डायरीचं पान ठेवलं. तिनं सगळं सावकाश वाचलं, तिची सवयच आहे.

"म्हणजे कसर दोनशे चौदावर पोचली हे सरांना ठाऊक होतं."

"हो."

"आणि तुला सापडलंय हेही."

"हो. मी बंद पडलंय म्हणाले तेव्हाच कळलं असणार."

"आणि तरी रोज विचारत होते."

तिनं नाक ओढलं, पदरानं डोळे पुसले, मग जरा रागानंच म्हणाली, "काय माणसं गं तुम्ही दोघं! एका वाटीतलं भडंग खाता आणि बोलत नाही."

"तय्यबा, संदिग्ध लिहायचं म्हटलं तर तू सही करशील?"

तिनं विचार केला. "करीन. तुझ्यासाठी करीन. पण नियमानं आधी मोठ्यानं वाचावं लागेल. तू हा कागद मोठ्यानं वाच, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मग माझ्याकडे बघून म्हण, तय्यबा, नीट कळत नाही. मी करते सही."

मी नक्कल पुन्हा हातात घेतली.

"आणि एक सांग मला," ती म्हणाली. "सरांनी हा जाळला का नाही? खिशात घालून नेला असता, चुलीत टाकला असता. नव्या यंत्राच्या बापालाही कळलं नसतं. ठेवला ना दप्तरातच? क्रमांक घालून?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. क्रमांक घातला नसता तर हस्ताक्षर सापडलं नसतं. चोरून ठेवलेल्या कागदालाही त्यांनी क्रमांक घातला होता, कारण क्रमांकाशिवाय कागद ठेवणं त्यांना शक्यच नव्हतं.

आम्ही दोनशे चौदावा रुमाल सोडला. दाण्याच्या आणि कडब्याच्या याद्यांमध्ये तो कागद होता. मी तो हातात घेतला. जाड, पिवळा, कडेला चाळणीसारखा झालेला. तय्यबानं नकलेवर बोट ठेवलं.

मी वाचायला लागले. मोडीत शब्द तुटत नाहीत, एका दमात ओळ जाते, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं. बाबा जिथे घेत तिथेच मी घेत होते. सभेला कोण कोण होते त्यांची नावं. संताजीचं बोलणं. सगुणाबाईचं बोलणं, ते फक्त दीड ओळीचं: मूल माझ्या दादल्याचे, याउपर मला बोलणे नाही. मग तेल, तूप, तुकडा. मग एका ठिकाणी भोक पडलं होतं आणि मी न ठरवता म्हणाले, "इथे कागद गप्प." तय्यबा म्हणाली, "गप्प. पुढे."

शेवटच्या ओळीशी आले तेव्हा मला संताजीची लाज वाटली नाही. बाबांचीही नाही. मला दिसली ती ती बाई. मूल काखेत घेऊन तीन दिवस पिशवी फुटण्याची वाट बघणारी. ती खरी झाली होती. सभेनं तसं लिहून दिलं होतं. मग अडीचशे वर्षं आमच्या घरानं तिचं नाव पुसून तिच्यावरच्या उपकाराची गोष्ट सांगितली, आणि शेवटची पस्तीस वर्षं तिचा कागद कडब्याच्या यादीत पडला, एका मुलीला शाळेत कुणी हसू नये म्हणून. त्या मुलीला त्या गोष्टीची गरज दहावीपर्यंत होती. नंतर ती विसरूनही गेली. बाबांनी मात्र ती सांभाळली.

"सगुणाबाई खरी जाली," मी वाचलं.

"मेळ," तय्यबा म्हणाली आणि नकलेवरचं बोट उचललं.

आम्ही सह्या केल्या. 'कागद कोणी हलवला' या रकान्यात मी लिहिलं: वाचक क्रमांक सात, मधुसूदन विष्णू हातपोळे. खाली 'शेरा' असा रकाना असतो, तो सहसा रिकामा राहतो. तिथे लिहिलं: मेळ त्र्याऐंशी दिवस मी थांबवला. केतकी मधुसूदन हातपोळे. मग कागद एकसष्टाव्या रुमालात नेऊन ठेवला, त्याच्या जुन्या शेजाऱ्यांमध्ये. भोकावर भोक बसलं.

दुपारी निशिकांतला फोन करून सांगितलं. बराच वेळ पलीकडून पॉवरलूमचा आवाज तेवढा येत होता. मग तो म्हणाला, "ठीक आहे. मनस्वीला मीच सांगतो. तिच्या सासऱ्यांना काय सांगायचं ते ती बघेल, ती तुझ्यासारखी आहे." आणि जरा थांबून, "ताई, लग्नात हात दिव्यावरून फिरवायचा का मग?"

"फिरवा."

"कशाचा म्हणून?"

"खोटं बोललं की पोळतो म्हणून."

"हे पत्रिकेवर नाही छापता येणार," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

*

सहाला घरी आले. समोर तार जुळवणं चाललं होतं. मी चपला काढल्या, हातपाय धुतले. चहा एकटीचा टाकायचा हे अजून हाताला कळत नाही, पाणी जास्तच होतं. भडंगाचा डबा काढला, वाटीत घेतलं, आणि सवयीनं खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले. खुर्चीच्या हातावर चष्म्याचं कापड होतं. मी ते उचललं नव्हतं.

कुणी काही विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. शेंगदाणे एका बाजूला करायला लागले, मग लक्षात आलं की ते माझेच आहेत.

आपल्याच घरात मोठ्यानं बोलायला मला संकोच वाटत होता. घसा साफ केला.

"दोनशे चौदा झाला, बाबा," मी म्हणाले. "ऑगस्टमध्येच झाला. पार्ट वगैरे काही नव्हतं. तुमचा कागद सापडला, तो आज एकसष्टमध्ये परत ठेवला. तुमचं नाव लिहिलंय मी, आणि खाली माझं. आधी सगळा वाचला, मोठ्यानं, एकही ओळ न ओलांडता."

तार थांबली होती. पुन्हा सुरू झाली.

"मला काही झालं नाही, बाबा."